दगडाचं तोंड

शहाद्याहून सहाची एसटी.
मागच्या सीटखाली दोन पहारी, एक टिकाव,
माझ्या मांडीवर घमेलं, घमेल्यात भाकरी.
कंडक्टर दर रविवारी विचारतो तसंच विचारतो,
"ताई, आज कोणतं धरण?"

सहा दिवस मी पोस्टात शिक्के मारते.
सातव्या दिवशी सातपुड्यात दगड लावते.
तोरणमाळला आता डांबरी रस्ता आहे,
मग ही जुनी पायवाट कशाला,
असं साहेबांनी विचारलं, नणंदेनं विचारलं,
आणि पहिल्याच वळणावर घाणेरीनं
ओढणी धरून विचारलं.
तिला कोयत्यानं उत्तर देता येतं.
बाकीच्यांना मी हसते.

हिलाल अण्णा वायरमन होते.
आयुष्यभर तारेतला न दिसणारा प्रवाह सांभाळला,
म्हणून की काय, कोरड्या ऑक्टोबरात
उतारावरचं पाणी त्यांना दिसतं.
बोटानं हवेत रेघ ओढतात:
"अठून येई, अठे वळी, अठे खाई."
आणि तिथे वाट खरंच
भाकरीसारखी कडेनं कुरतडलेली.
"पाणीले वाट द्या, ताई.
मंग ते आपली वाट सोडी देई."

म्हणून आम्ही तिरके दगड पुरतो,
रांगेनं, पाण्याला बाहेर काढणारे.
सात दगड. माझ्या वाट्याला तीन.
एकावर तर मी तास घालवला,
खाली चिपा दिल्या, माती ठोकली,
वर उभी राहून डुलून पाहिलं.
फोटोसुद्धा काढला.

जामसिंग पावरा शेळ्या घेऊन आला.
निळा स्वेटर, एका खिशात गोफण.
बराच वेळ काही बोलला नाही,
मग माझा तास उपटून बाजूला ठेवला.
"दगडाला तोंड असतंय.
हा पालथा निजला होता."
फिरवला, टाचेनं दोन ठोकर दिल्या,
आणि तो दगड असा बसला
जणू आम्हीच नंतर आलो होतो.

लोकेश रंगाचा डबा घेऊन पुढे गेला होता,
एका सपाट खडकावर पिवळा बाण काढायला.
जामसिंग म्हणाला, "तिथं नको."
का, तर म्हणाला,
"इथं खांदा बदलायचो."

मग शेळीच्या कानातला गोचीड काढत काढत
तुकड्यातुकड्यानं सांगितलं:
बहीण, ताप, बांबूची झोळी,
रात्र, पुढे काका, मागे तो, वय बारा.
खाली दवाखान्यापर्यंत सोळा वेळा खांदा बदलला,
पहिल्यांदा इथं.
पुढचं त्यानं सांगितलं नाही.
शेळ्या नाल्यात उतरल्या होत्या, तो हाका मारत गेला.
अण्णांनी विडी पेटवली, ओढली नाही.
लोकेशनं डब्याचं झाकण लावलं,
ते घट्ट बसेना, तो लावतच राहिला.

त्या खडकाभोवतीचं गवत तेवढं आम्ही काढलं.
बाण नाही.

पुढचा पावसाळा मोठा होता.
दसऱ्यानंतर गेलो तेव्हा सातातले दोन दगड नव्हते.
दोन्ही माझे.
पालथे निजलेले पाण्यानं उचलून नेले,
खाली नाल्यात ओळखू येत होते,
एकावर माझ्या पहारीचा ओरखडा.
कुरतडलेली कड मात्र तिथेच थांबली होती.

आम्ही टिकाव काढत होतो तेवढ्यात
वरून एक बाई आली, डोक्यावर मोळी,
काखेत प्लास्टिकची बरणी, पायात स्लिपर.
पाच दगड ओलांडले,
खाली एकदाही पाहिलं नाही.
सपाट खडकाशी थांबली,
मोळी जराशी सरकवली,
आमच्या हत्यारांकडे पाहून विचारलं,
"काय हरवलं का?"

अण्णा म्हणाले, "नाही, मावशी."
ती गेली.

संध्याकाळी एसटीत वही उघडली.
तारीख. माणसं चार. लांबी चाळीस फूट.
दगड शिल्लक पाच, नवे दोन.
तिनं खाली पाहिलं नाही,
हे लिहायला वहीत रकाना नव्हता.
समासात लिहिलं.